बाबाजींनी नापसंत केलेली बॅग

बाबाजींनी जन्मभर काय केलं, असं कोणी विनोदिनीला विचारलं असतं तर तिने पटकन सांगितलं असतं, की नापसंत केलं. दुसरं काही नाही. पण तिला कोण विचारणार? बाबाजी तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. समोर ती त्यांना 'भावोजी, तुमी' असंच म्हणायची, चहाचा पहिला कप त्यांच्यापुढेच ठेवायची. मान नात्याला द्यायचा, माणसाकडे बघायचं नाही, हे तिने लग्न होऊन डिचोलीत आल्या आल्याच ठरवून टाकलं होतं. न बघता द्यायची सवय झाली की मान देणं फारसं अवघड जात नाही.

बाबाजी बत्तीस वर्षं एका खाणीवर स्टोअरकीपर होते. बूट, हेल्मेट, ताडपत्र्या, दोरखंड, बॅटऱ्या सगळं त्यांच्या ताब्यात. आलेला माल तपासण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता आणि तो माल कोणाच्या हाती न जाऊ देण्यातही नव्हता. अंगठा बाहेर आलेला बूट घेऊन एखादा कामगार खिडकीशी उभा राहिला की ते बूट उलटासुलटा करून बघत आणि म्हणत, "अजून म्हयनो चलतलो. पायाक नखां कमी वाढय." खाणी बंद पडल्या, बाबाजीही त्याच सुमारास निवृत्त झाले आणि किल्ल्या सोपवताना स्टोअर उघडलं गेलं. फळ्यांवर बुटांचे जोडच्या जोड, कोरे. हातात घेतले की तळव्यांचा भुगा होऊन खाली सांडत होता. तिथे उभ्या असलेल्या चार माणसांना बाबाजींनी अभिमानाने सांगितलं, "बघा, एक जोड हयथय गेलेलो नाय!"

लग्नाच्या बाबतीत तेच. पार्सेपासून साखळीपर्यंत अकरा मुली पाहिल्या. एकीचा आवाज जाड, एकीची टाच रुंद, एकीच्या बापाच्या घराला जनेलं, म्हणजे खिडक्या, कमी. बाराव्या घरी जायचं ठरलं तेव्हा तिथूनच निरोप आला, "आमचा घर तुमच्या पारखेक उतरूचा नाय, येव नकात." तेव्हापासून बाबाजी अविवाहित राहिले आणि त्याचंही श्रेय स्वतःकडेच घेत राहिले.

मग त्यांची पारख घरावर पडली. या घरात बाबाजींनी पाहिल्याशिवाय साधी किसणीसुद्धा येत नसे. कुकर त्यांनी आणला, तो शिट्टी सोडून बाजूने वाफ टाकायचा. पंखा त्यांनी आणला, त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा आणि वारा खाटेपर्यंत पोचायचा नाही. त्यांनी निवडलेली वस्तू बिघडली की चूक वापरणाऱ्याची, आणि दुसऱ्याने निवडलेली टिकली की तिचं नशीब. नारायण, म्हणजे विनोदिनीचा नवरा, यावर कधी बोलला नाही. बाप लवकर गेल्यावर दादानेच त्याला वाढवलं होतं. ते उपकार तो गप्प बसून फेडत होता, आणि त्याच्यामुळे विनोदिनीलाही गप्प बसावं लागत होतं.

नारायणचा ट्रक खनिज वाहायचा. खाणी बंद झाल्याला वर्ष होत आलं होतं. ट्रक अंगणाच्या कडेला उभा होता, त्याच्या चाकांभोवती गवत गुडघ्याएवढं झालं होतं. अशात जुलैमध्ये संजनाला नोकरी लागली. एकुलती एक मुलगी, नकाशे काढण्याचा डिप्लोमा केलेली. पर्वरीला घरांचे, बंगल्यांचे नकाशे करून देणाऱ्या एका ऑफिसात तिचं तीन महिने काम बघून मग तिला कायम करणार होते. ऑफिसने लॅपटॉप दिला होता. दिवसभर तिथे काम करायचं, उरलेला नकाशा रात्री घरी पुरा करायचा आणि सकाळी परत न्यायचा. म्हणजे डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पर्वरी, रोज दोन्ही वेळा, भर पावसाळ्यात, भरलेल्या बसमध्ये, ऑफिसची वस्तू घेऊन.

संजनाने पहिल्याच आठवड्यात म्हापशात पाठीवरची एक बॅग घेतली. न विचारता घेतली, तिथे ती चुकली.

"बघूया," म्हणत बाबाजींनी बॅग मांडीवर घेतली आणि चेन ओढायला सुरुवात केली. उघड, मीट. उघड, मीट. स्टोअरमध्ये माल असाच तपासायचा असतो म्हणे. तीस झाले, चाळीस झाले. संजना म्हणाली, "बाप्पा, पुरे आता." बाप्पा कसले ऐकतात! जोर लावून त्यांनी आणखी एकदा ओढली आणि चेनचा दांडा तुटून हातात आला.

"बघितलंस?" तो तुकडा तिच्या नाकासमोर नाचवत ते म्हणाले, "मी नसतंय तर फसली असतंस!"

मोडलेली बॅग दुकानदाराने परत घेतली नाही. "आता बॅग मी बघतंय," बाबाजींनी जाहीर केलं. आणि ते तीन आठवडे बघत राहिले.

डिचोलीतली दुकानं झाली, साखळीची झाली, म्हापशाला तर दोन खेपा झाल्या. या बॅगेचं कापड चकचकीत, त्या बॅगेला खण फार, "इतक्या खणांत माणूस आपलो हात विसारतलो." एका दुकानात त्यांनी शिवण दातांनी ओढून पाहिली, तेव्हा दुकानदाराने बॅग त्यांच्या हातातून काढून वर टांगली. घरी येऊन ते हातपाय धुवायचे आणि पेज पिता पिता आज काय काय नापसंत केलं ते सांगायचे. तृप्त असायचे. काही न आणता परत आलेला इतका तृप्त माणूस विनोदिनीने दुसरा पाहिला नव्हता. देवाने याला डोळे कशाला दिले, असा प्रश्न तिच्या मनात यायचा आणि देवाच्या कारभारात आपण नाक खुपसू नये म्हणून ती तो लगेच पुसून टाकायची.

या तीन आठवड्यांत लॅपटॉप कशातून जात होता? टॉवेलात गुंडाळून, वर प्लास्टिक, आणि ते सगळं कापडी पिशवीत, एका खांद्यावर. संजनाचा उजवा खांदा खाली आला. झोपताना ती एकाच कुशीवर वळायची. विनोदिनी खोबरेल गरम करून चोळायची आणि हाताखाली त्या पोरीच्या खांद्याचा गोळा लागायचा, तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटायचे.

गुरुवारी संजना आली ती पायरीवरच बसली.

"बसमधे एकान मासळीची बादली सोडली माझ्या पायाकडे. पिशवीचो कोनो भिजलो, आई. लॅपटॉपाक काय झाला नाय, पण साहेबांनी ऑफिसात प्लास्टिक निथळताना बघितलां."

"मगे? काय म्हणाले?"

"सोमवारी धड बॅग नसात तर लॅपटॉप घरी नेवचो नाय म्हणाले. आणि घरी काम नेवक जमणा नाय ती मुलगी आमका उपेगाची नाय, दुसरी बघतलो, असापण म्हणाले."

आतल्या खाटेवरून बाबाजींनी ऐकलं. ते उठले, वाकून खाटेखालची पेटी ओढली आणि तिच्यातून एक प्लास्टिकमध्ये बांधलेलं गाठोडं काढलं. गाठोड्यातून निघाली खाकी कॅनव्हासची पिशवी. लोखंडी बकलं दोन, पट्टे बोटभर रुंदीचे, डांबरगोळ्यांचा वास. खाणीवर जमीन मोजणाऱ्यांची उपकरणं ठेवण्यासाठी चौदा वर्षांपूर्वी अशा सहा पिशव्या आल्या होत्या. एकही कोणाला दिली गेली नव्हती; एक तेवढी निवृत्तीच्या वेळी बाबाजींबरोबर घरी आली होती.

"ह्येका म्हणतत माल," बाबाजी म्हणाले. "बाजारात आता असो माल गावचो नाय म्हणानच मी इतके दीस फिरतंय."

तीन आठवडे हा माणूस आपली पिशवी खाटेखाली ठेवून दुकानं पालथी घालत होता! बाजारात काही चांगलं नाही एवढं सिद्ध व्हायची वाट बघत होता. विनोदिनीच्या हातातला पेला खाली ठेवताना जरा वाजला.

संजनाने पिशवी पाठीला लावली. पट्टे खांद्यात रुतले, आत ना मऊ अस्तर, ना खण. बकल लावायला दोन्ही हात आणि भिंतीचा आधार लागत होता.

"बाप्पा, ही रिकामीच जड आसा."

"जड म्हणजे घट, टिकाऊ."

"माका नको. मी शनिवारी दुकानात जावन घेतंय."

घरात असं उत्तर बाबाजींना कोणी दिलेलं नव्हतं. नारायण भिंतीकडे बघायला लागला. बाबाजींनी हुकमी पान टाकलं. "ठीक आसा. तू सांगू नको, मी सांगना नाय. देवीक इचारूया."

विनोदिनीच्या अंगावर काटा आला. भीतीने नव्हे, लाजेने. देवीला प्रसाद लावतात तो लग्न ठरवताना, घराचा पाया घालताना, दुखणं हटत नसलं तर. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यासाठी माणसं दोन दोन तास हात जोडून बसतात, घशाला कोरड पडते. आणि हे निघाले चौदा वर्षांची पिशवी खपवायला! आपल्या हट्टाला साक्षीदार कमी पडला म्हणून आता देवीला उठवायचं.

पण शुक्रवारी ती त्यांच्याबरोबर देवळात गेली. अपमान कोणाचाही होवो, देवीसमोर एकटं त्यांनाच बसू देणं तिला बरं वाटलं नाही.

देवीचे पुजारी विठ्ठलभट, त्यांनी पाकळ्या लावल्या. पिशवी समोर ठेवलेली. गाऱ्हाणं काय घालायचं ते बाबाजींनीच सांगितलं, ठणठणीत आवाजात. "आमच्या पोरीन ही पिशवी घेवन कामाक जावचा काय? जावचा आसात तर उजवी दी, माये."

बोलणं संपतंय तोवर डावी पाकळी पडली.

"वारो इलो," बाबाजी म्हणाले. उठून त्यांनी जनेल लावून घेतलं. भटांनी पाकळी परत लावली. परत तेच गाऱ्हाणं, शब्दाला शब्द. या वेळी दहा मिनिटं गेली. पडली ती डावी.

विनोदिनीने मान खाली घातली. एवढं स्पष्ट उत्तर मिळालं म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. पण देवीला एकच गोष्ट दोनदा सांगायला लावली, याचंच तिला वाईट वाटत होतं.

"बाबाजी," विठ्ठलभट म्हणाले, "एकच गोष्ट परत परत इचारूची नसता."

"एकच खंय? आता दुसरी इचारतंय," बाबाजी म्हणाले. घसा खाकरला. "ही पिशवी आमच्या घरात ऱ्हवली तर तुका मान्य आसा मगो, माये?"

भटांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ गेला. मग उजवी पाकळी सुटली, अलगद खाली आली.

"झाला!" बाबाजी मांडीवर थाप मारून उठले. "देवीन कौल दिलो!"

घरी पोचेपर्यंत वाटेतल्या तीन घरांना कळलं की देवीने उजवा प्रसाद दिला. काय विचारलं होतं ते मात्र कोणाला कळलं नाही. नारायण संजनाला म्हणाला, "देवीनच सांगल्यान तर आता घे बाय ती."  संजनाने खाकी पिशवीत लॅपटॉप घालून पाहिला, पिशवी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

 कौलाच्या विरुद्ध जाणारी विनोदिनी नव्हे. शनिवारी सकाळी देवांना आंघोळ घालताना तिने ते सगळं पुन्हा एकदा मनात मांडलं. पहिल्यांदा काय विचारलं, काय मिळालं. दुसऱ्यांदा काय विचारलं, काय मिळालं. तिसऱ्यांदा काय विचारलं. तिने निरांजन लावलं, नमस्कार केला, आणि ओटीवर येऊन लेकीला म्हणाली, "संजू, लॅपटॉप हाड बघू हंय."

भाजी चिरायची लाकडी फळी तिने लॅपटॉपला लावून पाहिली. जवळजवळ तेवढीच होती. ती वर्तमानपत्रात गुंडाळली. दोन किलो तांदूळ वेगळे बांधले. जेवणाचा डबा, पाण्याची भरलेली बाटली, छत्री सगळं एका पिशवीत घेतलं आणि मायलेकी बाजारात यशोदाच्या दुकानात गेल्या. यशोदा छत्र्या आणि बॅगा विकायची. बाबाजी तिच्याकडे पाच वेळा येऊन गेले होते.

"आज ते नाय ना येणत?" यशोदाने आधी रस्त्यावर नजर टाकून घेतली.

"नाय. भिया नको."

विनोदिनीने बॅगा उतरवायला लावल्या. एकेका बॅगेत फळी मागच्या, लॅपटॉपच्या खणात सरकवायची आणि बॅग वीतभर उंचीवरून फरशीवर सोडायची. पहिलीतून आवाज आला, टक. "ही नको." दुसरी, टक. "हीपण नको." छातीवर इंग्रजी अक्षरं मिरवणारी सगळ्यात झगझगीत बॅग तर इतक्या मोठ्याने टकटकली की संजना दचकली.

"अगो, करतंस काय तू?" यशोदा म्हणाली.

"बसमधे बॅग खाली ठेवतली ना? फळी जमनीक लागली म्हणजे लॅपटॉप लागलो. खण तळाच्या वर लोंबकळत व्हयो."

पाचव्या बॅगेतून आवाज आला, धप. मऊ. बॅग राखाडी, साधी, बघणाऱ्याला काहीच न सांगणारी. मग तांदूळ, डबा, बाटली, छत्री सगळं भरून विनोदिनीने ती स्वतःच्या पाठीला लावली. नऊवारीतली नव्हे, पाचवारीतली बाई, पदर खोचून, पाठीवर कॉलेजच्या पोरासारखी बॅग लावून दुकानाच्या पायऱ्या चढते आहे, उतरते आहे. समोरचा उंडे, म्हणजे गोल पाव, विकणारा पोदेर सायकल थांबवून बघायला लागला. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. माहेरी, पार्सेच्या डोंगरावरून, काजूच्या बोंडूंनी भरलेल्या पाट्या तिने लहानपणी डोक्यावरून उतरवल्या होत्या. ओझं अंगाला धरून राहतं की मागे ओढतं, हे तिला पाच पावलांत कळायचं. ही बॅग पाठीला धरून होती. पट्टे रुंद होते, रुतत नव्हते.

"पाणी हाड," ती म्हणाली.

"पियाक?"

"बॅगेर वतूक."

"अगो बाय, माझो माल भिजयतंस?"

"पावसात विकतंस तो माल भिजतलोच. आत पाणी गेला तर बॅग तुझी, नाय गेला तर माझी."

यशोदाने कपाळाला हात लावला, पण कळशी दिली. मागच्या नळाशी बॅग उभी करून, तिच्या तळाच्या खिशातलं आवरण वर ओढून, संजनाने कळशी ओतली. एक झाली, दुसरी झाली. मग फळी बाहेर काढली. वर्तमानपत्राचा एक कोपराही ओला नव्हता. संजनाने ते दोनदा हाताने चाचपलं. महिनाभरात ती पहिल्यांदा हसली.

रविवारी बाबाजींनी खुंटीला राखाडी बॅग पाहिली.

"ही कसली?"

"संजूची," विनोदिनी म्हणाली. ती कुळीथ निवडत होती.

"देवीचो कौल मोडलास?" त्यांचा आवाज चढला. नारायण बाहेरून धावत आला. "नारायणा, ऐकतंस? तुझ्या बायलेन देवीचो कौल मोडल्यान!"

विनोदिनीने सूप खाली ठेवलं. बोलली ती खालच्या आवाजात, आणि नेहमीच्याच मानाने.

"भावोजी, देवीचो शब्द मोडूची माझी छाती नाय. पोरीन ही पिशवी घेवन कामाक जावचा काय, असा तुमी दोनदा इचारलात. देवी दोनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा तुमी इचारलात, पिशवी घरात ऱ्हवली तर चलात काय. ती चलात म्हणाली. मगे ऱ्हवांदी घरात. वर माळ्यार मी तिका जागा केलंय, पुसून."

नारायण दादाकडे बघायला लागला. "तिसऱ्यांदा असा इचारलात तुमी?"

"अर्थ तोच होतो!"

"तोच होतो तर शब्द कित्याक बदललात?" विनोदिनी म्हणाली. "विठ्ठलभट थंयच होते. जावन इचारा. नायतर देवीकच चौथ्यांदा इचारा, तुमची वळख आसा."

 मग बाबाजींना नेहमी जे सुचतं तेच सुचलं. त्यांनी खुंटीवरची बॅग घेतली आणि चेनीला हात घातला. या वेळी नारायण पुढे झाला. त्याने बॅग भावाच्या हातातून काढून घेतली, हळूच, पण काढून घेतली, आणि संजनाकडे दिली. "दादा, ऱ्हवांदी," एवढंच म्हणाला. इतक्या वर्षांत भावाच्या विरोधात त्याने खर्च केलेले हे पहिले दोन शब्द, आणि तेही धड मोठ्याने नाहीत. विनोदिनीने त्यातही समाधान मानलं. या घरातल्या पुरुषांकडून याहून जास्त तिने कधी मागितलं नव्हतं.

सोमवारी दुपारपासून पावसाने झोडपलं. संजना आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं, दोन्ही हात मोकळे होते.

"साहेबांनी बॅग उघडून बघितली," चपला काढता काढता ती म्हणाली. "काय बोलले नाय. नवीन नकाशो दिलो, उद्या पुरो करून हाड म्हणाले."

ती मेजाशी बसली, लॅपटॉप काढला, आणि तो कोरडा ठणठणीत पडदा उजळला.

बाबाजींनी मोकळी झालेली बॅग उचलली आणि दिव्याखाली नेली. बोटं फिरवली, शिवण शिवण चाचपली, खणात नाक घालून वास घेतला. पाव तास गेला. काही सापडेना.

"आज पावस सरळ पडलो," शेवटी ते म्हणाले. "तिरको पडात तेव्हा कळात."

"बरा तर," विनोदिनी म्हणाली. "तिरको पडात त्या दिसा तुमी स्टँडार येवा, बघूक."

बाबाजी स्टँडवर कधी गेले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वाड्यावरच्या चार घरी त्यांनी आपला निकाल पोचवला. बॅग तशी बरी आहे, तिरक्या पावसाची मात्र आपण हमी देत नाही.